खाली म्हणजे नेमकं कुठे?

"मोबाइल काढून घ्या, पोरं आपोआप खाली खेळायला जातील" हे नेहमी ऐकू येणारं मत मला अर्धंच पटतं. आमच्या दादरच्या सोसायटीत आवारभर गाड्या आणि गेटपाशी 'चेंडू खेळण्यास मनाई'ची पाटी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन सांगितला, हे सगळे फॉरवर्ड करतात. त्याच सूचनांत रोज किमान तीन तास हालचालही सांगितलीय, ती कुणाला आठवत नाही.

रविवारी चार गाड्या बाहेर पडल्या की हीच पोरं डबा ऐसपैस मांडतात. राज्य कुणावर यावरून आधी कडाक्याचं भांडण, एकाचा रडीचा डाव, मग मांडवली. मोबाइलवर हे होतच नाही, नियम गेमनेच ठरवलेले असतात.