मुरानोची घाम सुटणारी काच आणि फोनवरची काच

प्रश्न
पंधराव्या शतकात व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरच्या कारागिरांनी स्फटिकासारखी नितळ ‘क्रिस्टालो’ काच काढली. पण तशा काही जुन्या पेल्यांना आज घाम सुटतो, मग अंगभर बारीक तडे जातात. माल इतका शुद्ध करून घातला, तर काच टिकायला हवी होती ना? आणि आजच्या काचेला हे होऊ शकतं का?

प्रतिसाद १
घोटाळा शुद्धीकरणातच आहे. खाऱ्या वनस्पतींची राख पाण्यात उकळायची, गाळायची, पाणी आटवायचं आणि उरलेला पांढरा क्षार भट्टीत घालायचा, अशी ती रीत. गाळ फेकून दिला की त्याबरोबर हिरवी झाक आणणारं लोह जायचं. पण चुना आणि मॅग्नेशियाही (मॅग्नेशियमचं ऑक्साइड) त्या गाळातच असायचे, आणि सोडियमला काचेत धरून ठेवायचं काम त्यांचंच. साध्या सोडा काचेत चुना १० टक्क्यांच्या आसपास असतो. तो ४ टक्क्यांच्या खाली गेला, की हवेतला ओलावा सोडियम-पोटॅशियम बाहेर ओढतो. त्यांचे क्षार पृष्ठभागावर येऊन पाणी धरतात, तोच हा घाम. हात लावला तर बुळबुळीत लागतो.

सोडियमच्या जागी पाण्यातला हायड्रोजन शिरतो. तो लहान, म्हणून वरचा थर आकसायला बघतो, पण खालची काच त्याला आकसू देत नाही. हवा कोरडी झाली की तो थर तडकतो.

लंडनच्या जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टलाही हाच त्रास झाला. १६७४ मध्ये पेटंट घेतलेली त्याची काच लवकरच धुरकट पडू लागली. शिशाच्या ऑक्साइडचं प्रमाण वाढवल्यावर ती सावरली.

प्रतिसाद २
पेले जपायचे असतील तर आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवा. घामाच्या भीतीने बंद कपाटात सिलिका जेल भरून हवा एकदम कोरडी करू नका. तडे त्यानेच पडतात. नुसता घाम असेल तर कोमट डिस्टिल्ड पाण्याने झटपट धुऊन मऊ कापडाने टिपा, भिजत घालू नका. तडे दिसू लागले असतील तर धुणं बंद.

प्रतिसाद ३
दुसऱ्या प्रश्नाबद्दल: खिडकीच्या आणि बाटलीच्या काचेत चुना पुरेसा असतो, त्यामुळे असे तडे जात नाहीत. मात्र काचेची तावदानं ओली असताना एकमेकांवर रचून ठेवली, तर मधलं पाणी अल्कधर्मी होऊन काच खातं आणि न निघणारे पांढुरके डाग पडतात.

फोनच्या काचेत तर हीच आयनांची, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूंची, अदलाबदल मुद्दाम उलटी करतात, आणि मला त्यातलं हेच सगळ्यात सुंदर वाटतं. सोडियम असलेली ॲल्युमिनोसिलिकेट (ॲल्युमिनियमचं ऑक्साइड घातलेली) काच सुमारे ४०० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये काही तास बुडवतात. सोडियम आयनची त्रिज्या १.०२ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), पोटॅशियमची १.३८. मोठा आयन लहानाच्या जागी दाटीवाटीने बसतो, पृष्ठभाग दाबाखाली येतो आणि ओरखड्याची चीर उघडत नाही. तापमान किंवा वेळ जास्त झाला तर तो दाब सैल पडतो. या वितळलेल्या क्षाराच्या बाथमध्ये सोडियम साचत गेलं तरी दाब घटतो, म्हणून क्षार बदलावा लागतो.

प्रश्नकर्ता
मग काच कापायची बाथच्या आधी की नंतर?

प्रतिसाद ३
आधीच. कापणं, भोकं पाडणं, कडा घासणं सगळं उरकून मगच बाथ. दाबाचा थर मायक्रोमीटरमध्ये मोजावा इतका पातळ असतो. नंतर कापली तर नवी कड उघडी राहते आणि चीर तिथूनच सुरू होते.