‘सर्कस’ला मराठी प्रतिशब्द: मदत हवी आहे

शाळेच्या भित्तिपत्रकासाठी विष्णुपंत छत्रे यांच्यावर मजकूर लिहितेय. त्यांनी 1880 च्या सुमारास मुंबईत ग्रेट इंडियन सर्कस उभी केली, तिथून पुढे. वाचणारी मुलं पाचवी-सहावीची. एकाच परिच्छेदात ‘सर्कस’ सात वेळा आलंय, म्हणून पर्यायी शब्द शोधतेय.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ वर्तुळ, त्यामुळे खेळाच्या गोल जागेला ‘रिंगण’ छान बसलं. लंडनच्या पिकॅडिली सर्कसमधलं ‘सर्कस’ म्हणजे गोल चौक, ते इथे नको. ‘घरात नुसती सर्कस चाललीय’ हा धांदलीचा अर्थही नको.

अडलंय ते तंबू, झोपाळे, घोडे, विदूषक असा सगळा फिरता संच एका शब्दात सांगताना. ‘कसरत’मध्ये प्राणी येत नाहीत. ‘डोंबाऱ्याचा खेळ’ रस्त्यावरचा, शिवाय त्यात जातीचं नाव. ‘तमाशा’ ही तर वेगळी, मोठी कला. तो शब्द इथे वापरणं मला पटत नाही. शब्दकोशात ‘सर्कस’पुढे लांबलचक स्पष्टीकरणच सापडलं.

नवा घडवलेला, बोजड शब्द नको. तुमच्याकडे आजी-आजोबा तंबूतल्या या खेळाला ‘सर्कस’शिवाय दुसरं काही म्हणायचे का, आणि कोणत्या भागात?