मदत हवी आहे : एक्स्टर्नल हार्ड डिस्क उघडत नाहीये (अर्जंट)

अंकवाला (बुधवार, सकाळी १०.४०)
डिस्क लावली की ई ड्राइव्ह दिसतो, क्लिक केलं की फॉरमॅट करा म्हणतो. आत दिवाळी अंकाचं सगळं काम आहे, शनिवारी प्रेसला द्यायचंय. फुकट आणि पटकन चालणारं रिकव्हरी सॉफ्टवेअर सांगा. बॅकअपवरून प्रवचन नको, प्लीज.

सेक्टर५१२
फॉरमॅटला कॅन्सल. डिस्क केवढी? फिरताना टकटक येते का? डिस्क मॅनेजमेंटमध्ये पूर्ण आकार दिसतो का? आणि आतापर्यंत काय काय करून झालंय?

अंकवाला
१ टीबी. आवाज नेहमीसारखाच. ९३१ जीबी दिसतात, पुढे रॉ लिहिलंय. सॉफ्टवेअरचं नाव सांगा ना.

गोदाकाठ
कमांड प्रॉम्प्ट उघडून चेकडिस्क मारा, स्लॅश आर लावून. दहातल्या आठ डिस्क सुधारतात.

टर्मिनल
गोदाकाठ, कृपा करून हा सल्ला देऊ नका. चेकडिस्क फाइल वाचवत नाही, फाइल सिस्टीम (फाइलींची मांडणी) सरळ करतं, आणि तेही त्याच आजारी डिस्कवर लिहून. जी नोंद वाचता आली नाही ती बाद, तिच्या फाइल फाउंड नावाच्या फोल्डरात नाहीतर हवेत.

अंकवाला
ते काल रात्रीच केलं. तेव्हा ड्राइव्ह उघडत होता, फक्त फार मंद होता. ११ टक्क्यांवर चार तास अडकलं म्हणून बंद केलं. सकाळी रॉ.

टर्मिनल
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. आता क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममधले ०५, सी५, सी६ आणि सी७ या ओळींचे रॉ आकडे द्या.

अंकवाला
पिवळं, कॉशन. ०५ शून्य, सी५ वर १ए८, सी६ वर १ए८, सी७ शून्य. १ए८ म्हणजे काय ते देव जाणे.

सेक्टर५१२
तो आकडा हेक्साडेसिमलमध्ये आहे. १ए८ म्हणजे ४२४. सी५ हे वाचता न आलेले, निकालाची वाट बघणारे सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे. सी७ शून्य, म्हणजे केबलवर संशय घ्यायला कारण नाही. ५१२ बाइटच्या हिशेबाने ४२४ सेक्टर म्हणजे जेमतेम २१२ केबी. पण खराब जागा एमएफटीवर, म्हणजे फाइलींच्या हजेरीपटावर आली असेल, तर अख्खी डिस्क रॉ, म्हणजे मांडणी न ओळखता आलेली, दिसते. आणि हे ४२४ फक्त वाचून पाहिलेल्या भागातले. डिस्क आपटली होती का?

अंकवाला
परवा टेबलावरून पडली. पण लगेच चालू झाली होती, म्हणून लिहिलं नाही.

बाळ्या
झिपलॉकमध्ये घालून रात्रभर फ्रीजरला ठेवा. जुना आणि खात्रीचा उपाय.

टर्मिनल
नका हो. बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि हेड, म्हणजे वाचणारं टोक, फिरत्या तबकडीपासून (प्लॅटर) काही नॅनोमीटरवर तरंगतं. त्यापुढे पाण्याचा थेंब म्हणजे डोंगर.

चिप_चाप
सेम मॉडेलचा सर्किट बोर्ड आणून बदला, दहा मिनिटांचं काम.

सेक्टर५१२
डिस्क फिरतेय, ओळखली जातेय, मग बोर्डावर संशय कशाला? शिवाय आठ पायांची रॉम चिप जुन्या बोर्डावरून काढून नव्यावर बसवावी लागते, त्यात त्याच डिस्कची कॅलिब्रेशन असते. हॉट एअर गन आहे का धागाकर्त्यांकडे?

तळटीप
विषयांतराबद्दल क्षमस्व, पण 'डेटा'ला 'विदा' हा छान शब्द असताना कोणीच वापरत नाही.

बाळ्या
विदा विदाउट बॅकअप.

टर्मिनल
अंकवाले, क्रमाने सांगतो. दुसरी २ टीबीची डिस्क आणा, एनटीएफएस फॉरमॅट केलेली. फॅट३२ चालणार नाही, तिथे ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. पेन ड्राइव्हवर सिस्टमरेस्क्यू (पेन ड्राइव्हवरून चालणारी लिनक्स) टाकून लॅपटॉप त्यावरून चालू करा, त्यात डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कची नक्कल काढणारा प्रोग्रॅम असतो. आजारी डिस्क माउंट करायची, म्हणजे फाइली बघायला उघडायची, नाही. कोणती डिस्क कोणती ते आकारावर नको, सीरियल नंबरवर ठरवा. कमांडमध्ये डॅश डी, डॅश एन, मग आजारी डिस्क, मग नव्या डिस्कवरची इमेज फाइल (आजारी डिस्कची हुबेहूब नक्कल), शेवटी मॅप फाइल (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद). डॅश एनमुळे पहिल्या फेरीत ते खराब जागा कुरतडत बसत नाही, चांगला भाग आधी काढतं. ती संपली की तीच कमांड, डॅश एनऐवजी डॅश आर ३, म्हणजे खराब जागा आणखी तीनदा वाचून बघायची. टकटक किंवा बीप आला तर तिथेच वीज तोडा, पुढचं काम लॅबचं.

सेक्टर५१२
सगळा १ टीबी कशाला? हेड अशक्त आहे, आधी एमएफटी आणि मग फक्त अंकाचा फोल्डर काढायला हवा. ओपनसुपरक्लोन (नक्कल काढणारा प्रोग्रॅम) आणि डीएमडीई (फाइली शोधून काढणारा) जोडून करता येतं.

टर्मिनल
येतं, पण पहिल्यांदाच टर्मिनल बघणाऱ्याला नाही. चुकीच्या खिडकीत एक क्लिक आणि डिस्क पुन्हा तासभर तडफडणार.

सेक्टर५१२
हेड मधेच गेलं तर जबाबदारी तुमची.

गोदाकाठ
मॅप फाइल पेन ड्राइव्हच्या लाइव्ह सिस्टीमवर ठेवू नका, ती रॅममध्ये असते. नव्या डिस्कवरच ठेवा. उद्या गुरुवार आहे, महावितरणची मेहेरबानी धरून चला. मॅप असेल तर थांबलं तिथून पुढे सुरू होतं, नसेल तर पहिल्यापासून. लॅपटॉपचा स्लीप मोडही बंद करा.

काकू_नागपूर
मुद्रितशोधनाला पीडीएफ पाठवली असेल ना? मेलच्या सेंटमध्ये बघा. निदान लेखांचा मजकूर तरी मिळेल.

अंकवाला (शुक्रवार, पहाटे १.१५)
काकू, ११२ पानांची पीडीएफ सापडली, धन्यवाद! इमेजची पहिली फेरी ९ तास चालली. सुरुवातीला सेकंदाला ७० एमबी, मधे एकदम ३०० केबी, मग परत वर. ९९.९ टक्के आलंय, बॅड एरिया ३१. डॅश आर ३ ची फेरीही झाली, अजून १२ उरल्यात. आता रिकव्हरी सॉफ्टवेअर?

टर्मिनल
आजारी डिस्क काढून बाजूला ठेवा. डीएमडीईमध्ये ती इमेज फाइल उघडून फुल स्कॅन करा. फुकट आवृत्ती एका वेळी एका फोल्डरातल्या ४००० फाइली काढते, तुम्हाला पुरे. फोटोरेक या दुसऱ्या रिकव्हरी प्रोग्रॅमच्या वाटेला जाऊ नका, त्यात फाइलींची नावं जातात. ११२ पानांचे तुकडे नावाविना जुळवत बसाल.

अंकवाला
फोल्डर मिळाला, नावांसकट! पण मुखपृष्ठाची फाइल उघडत नाही. बाकीच्यांतली कोणती बिघडलीय हे एकेक उघडून बघू का?

सेक्टर५१२
नाही. एका मजकूर फाइलमध्ये 'खराबजागा' हा शब्द भरपूर वेळा लिहा. डीडीरेस्क्यूच्या फिल मोडमध्ये वजा चिन्ह देऊन क्रम असा लावा: ती मजकूर फाइल, इमेज, मॅप. न वाचलेल्या जागी तो शब्द भरला जातो. मग फोल्डर पुन्हा बाहेर काढा आणि ग्रेप या शोधायच्या कमांडने तो शब्द शोधा. ज्या फाइलीत सापडेल ती बिघडलेली.

अंकवाला
फक्त मुखपृष्ठ आणि एक जाहिरात. मुखपृष्ठ चित्रकाराकडून परत मागवतो. जाहिरातदाराला काय सांगू?

काकू_नागपूर
अर्ध्या पानाच्या दराने पूर्ण पान द्या, काही विचारणार नाही.