मदत हवी आहे: जुनं पीएचपी ॲप ५.६ वरून ८ वर न्यायचंय

मंडळी, आमच्या वाचनालयाची पुस्तकांची देवघेव एका जुन्या ओपन सोर्स पीएचपी ॲपवर चालते, मूळ प्रोजेक्ट केव्हाच थंडावलाय, त्याचा फोर्क (वेगळी काढलेली प्रत) मीच सांभाळतो. आता होस्टिंगवाला पीएचपी ५.६ काढतोय (सपोर्ट २०१८ अखेरीसच संपलाय, त्याचं काही चुकत नाही म्हणा).

कोडमध्ये जिकडेतिकडे मायएसक्यूएल_क्वेरी (डेटाबेसला क्वेरी पाठवणारं जुनं फंक्शन), जे ७.० मध्येच गेलं, वर ईच() आणि क्रिएट_फंक्शन ही जुनी फंक्शन्स, जी ८ मध्ये गेली. ही शेवटची दोन रेक्टर (जुना पीएचपी कोड आपोआप बदलणारं टूल) बदलून देईल, पण फॉर्ममधली व्हॅल्यू थेट क्वेरीत चिकटवलीय ते पीडीओवर (पीएचपीतून डेटाबेसशी बोलायची नवी पद्धत) हातानेच न्यावं लागणार ना?

खरी डोकेदुखी डेटाबेसची. टेबलचं एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) लॅटिन१, म्हणजे युरोपीय अक्षरांचं, आत बाइट मात्र यूटीएफ-८ चे, ज्यात मराठी बसते, त्यामुळे जुन्या कनेक्शनवर 'बालवाङ्मय' नीट दिसतं आणि यूटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८) लावलं की नुसता कचरा. कॉलम आधी ब्लॉब (नुसते बाइट ठेवणारा प्रकार) मग टेक्स्ट करायचा हे माहितीये, पण शीर्षकावर इंडेक्स आहे, तिथे ब्लॉब अडतो, व्हारबायनरी (बाइटच, पण ठरावीक लांबीपर्यंत) चालेल का? शिवाय व्हारकॅर २५५ चे (२५५ अक्षरांचा कॉलम) अक्षरी चार बाइटने १०२० बाइट होतात आणि आमच्या जुन्या इनोडीबीत (मायएसक्यूएलचं स्टोरेज इंजिन) इंडेक्सची मर्यादा ७६७ बाइट.

आधी डेटाबेस की आधी कोड? आणि मध्ये ७.४ वर थांबावं की थेट ८? कोणी केलं असेल तर प्लीज सांगा.