मदत हवी आहे: मुन्नार-अलेप्पी न करता फक्त कोचीत मुक्काम करायचाय

नमस्कार मंडळी,

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात केरळला जायचं ठरतंय, पण नेहमीसारखं नाही. दोन-तीन टूरवाल्यांकडून कार्यक्रम मागवले. सगळ्यांचा साचा एकच: कोचीला उतरा, दुपारी मासेमारीची चिनी जाळी आणि सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) उरका, दुसऱ्या दिवशी पहाटे मुन्नार, मग थेक्कडी, अलेप्पी आणि परत. आम्हाला या वेळी कोचीतच राहायचंय. एकच शहर, बॅगा एकदाच उघडायच्या, सकाळी निवांत बाहेर पडायचं. हे सांगितल्यावर एकाने मला विचारलं, "मॅडम, कोचीत चार-पाच दिवस करणार काय?" म्हणून हा धागा काढतेय.

आम्ही पाच जण. मी, नवरा, नववीतली मुलगी आणि माझे आई-बाबा. बाबांनी सत्तरी ओलांडली आहे, पण चालायला आमच्या पुढे असतात. आईचे गुडघे दुखतात. सपाटीवर हळूहळू बरंच चालते, पण उंच पायऱ्या आणि हलत्या होडीत पाय टाकणं तिला जमत नाही. शिवाय ती शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. मुलीला चित्रं काढायची आवड आहे, त्यामुळे तिला एका जागी तासभर बसायला मिळालं तरी ती खूष असते.

कोचीचा आग्रह मूळचा बाबांचा. त्यांचं लहानपण रेवदंड्याला गेलं. शेजारी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची कुटुंबं होती, मराठी बोलणारी, सणावाराला एकमेकांकडे जाणंयेणं. पुढे ती घरं एकेक करून इस्रायलला गेली. नंतर कधीतरी बाबांच्या वाचनात आलं की कोकणातल्या या मंडळींना धर्मग्रंथ आणि विधी शिकवायला कोचीहून ज्यू शिक्षक येत असत. तेव्हापासून त्यांना मट्टांचेरी, म्हणजे कोचीतला ज्यूंची जुनी वस्ती असलेला भाग, बघायचाय, आणि बसमधून उतरून वीस मिनिटांत फोटो काढून नाही.

मीही आता वाचायला लागलेय आणि नकाशा बघून थक्क व्हायला होतं. कोचीच्या राजाचा वाडा, त्याच्या आवारात भगवतीचं देऊळ आणि वाड्याला अगदी लागून १५६८ सालचं 'परदेशी', म्हणजे नंतर बाहेरून आलेल्या ज्यूंचं, सिनेगॉग. ती जागा ज्यूंना राजानेच दिली. क्रांगनूरला, म्हणजे आजच्या कोडुंगल्लूरला, पोर्तुगीजांमुळे राहणं अशक्य झालं तेव्हा ते कोचीत आसऱ्याला आले. गोव्यातून पोर्तुगीजांच्याच जाचामुळे बाहेर पडलेल्या गौड सारस्वतांचं तिरुमल देवस्थान तिथून जवळच. गुजराती रस्त्यावर जैन मंदिर, कच्छी मेमनांची वस्ती, तमिळ धोब्यांचा घाट, आणि फोर्ट कोचीत त्याच पोर्तुगीजांनी १५०३ मध्ये उभारलेलं चर्च. एवढं सगळं रिक्षाच्या टप्प्यात! हे अर्ध्या दिवसात उरकायचं म्हणजे अन्याय वाटतो.

तर जाणकारांनी कृपया सांगा. राहायचं कुठे, एर्नाकुलमला की फोर्ट कोचीला? एर्नाकुलमला हॉटेलं भरपूर दिसतात, पण रोज खाडी ओलांडायची म्हणजे आईचं काय? कुठली ठिकाणं कोणत्या वारी बंद असतात, याची माहिती प्रत्येक ठिकाणी वेगळी मिळतेय. आईच्या जेवणाचे हाल होतील का? आणि मला सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न: ही लोकांची राहती घरं आणि चालती प्रार्थनास्थळं आहेत. तिथे आपण घोळक्याने शिरायचं, तर कसं वागावं म्हणजे कुणाला त्रास होणार नाही?

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद:

ताई, नोकरीनिमित्त मी काही वर्षं एर्नाकुलमला होतो, अजूनही जाणंयेणं आहे. तुमचा बेत उत्तम आहे, टूरवाल्याचं मनावर घेऊ नका.

राहायचं फोर्ट कोचीतच. एर्नाकुलम हे कामाधंद्याचं शहर, संध्याकाळी वाहतूक तुंबते. फोर्ट कोचीत घरगुती होमस्टे खूप आहेत, जुन्या झाडांच्या सावलीतले रस्ते सपाट आहेत. मात्र आरक्षण करताना तळमजल्याचीच खोली मागा आणि ती मिळणार असं लेखी घ्या. जुन्या घरांतले लाकडी जिने फार चढे असतात, आईंना रोज दोनदा चढउतार नको. विमानाने येणार असाल तर नेदुंबसेरीचा विमानतळ तिथून चाळीसेक किलोमीटर आहे, गाडीला दीड तास धरा. रेल्वेने येणार असाल तर एर्नाकुलम जंक्शनला उतरा. कोकण रेल्वेची नेत्रावती तिथे जाते, पनवेल-रत्नागिरीहून बसता येतं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, खालचे बर्थ हवेत तर त्याच दिवशी करा.

आता वारांचं. हे नीट लक्षात ठेवा, कारण इथेच लोकांचा दिवस वाया जातो. मट्टांचेरीचा वाडा शुक्रवारी बंद. सिनेगॉग शुक्रवारी आणि शनिवारी बंद, शिवाय ज्यू सणांना बंद आणि दुपारी मधली सुट्टी. म्हणजे मट्टांचेरी रविवार ते गुरुवारमध्येच बसवा. सकाळी उघडताक्षणी जा, अकरानंतर बसगाड्या येतात. आधी सिनेगॉग, मग वाडा. सिनेगॉगमध्ये चपला बाहेर काढाव्या लागतात आणि ते एका परीने बरंच आहे, कारण खालच्या फरश्या अनवाणीच बघाव्यात. चीनहून आणलेल्या, निळ्या-पांढऱ्या, हाताने रंगवलेल्या. ओळीने नीट पाहिलंत तर झाडाची फांदी एकीत डावीकडे वळलेली, शेजारच्या फरशीत थोडी वेगळी. तुमच्या मुलीला सांगा, वर बेल्जियमची झुंबरं आहेत, पण आधी खाली बघ. वाड्यात राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर रामायणाची चित्रं आहेत, तिथे बाबांना भरपूर वेळ द्या. हा वाडा पोर्तुगीजांनी बांधून राजाला दिला आणि १६६३ नंतर डचांनी दुरुस्त केला, म्हणून सगळे त्याला डच पॅलेस म्हणतात.

होडीची काळजी आता तितकी नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये वॉटर मेट्रो सुरू झाली, पुढच्या वर्षी ती फोर्ट कोचीपर्यंत आली. विजेवर चालणाऱ्या, वातानुकूलित बोटी आहेत. आणि मुख्य म्हणजे धक्काच पाण्यावर तरंगता आहे. भरती-ओहोटीबरोबर तोही वरखाली होतो, त्यामुळे धक्का आणि बोट एका पातळीत राहतात. माझी आई काठी घेऊन सहज आत गेली होती. एर्नाकुलमच्या बाजूला हायकोर्टाच्या धक्क्यावरून बसायचं. सरकारी जलवाहतुकीच्या जुन्या फेरीबोटीही चालू आहेत, तिकीट अगदी किरकोळ, पण तिथे फळीवरून उडी मारल्यासारखं चढावं लागतं. ती तुम्ही आणि मुलीने एकदा जरूर करा, आईंना नको.

रिक्षावाले अगदी स्वस्तात 'सगळं फोर्ट कोची दाखवतो' म्हणतील. त्यात मसाल्याच्या आणि हस्तकलेच्या दुकानांत नेणं आलंच, तिथे त्यांना कमिशन मिळतं. आधीच सांगा की दुकान नको, पूर्ण भाडं घ्या. बहुतेक जण कबूल होतात.

प्रतिसाद:

स्पष्टच लिहितो, नववीतल्या मुलीला चार-पाच दिवस चर्च आणि देवळं जड जातील. एक दिवस वायपीन बेटावर जा. फोर्ट कोचीहून रो-रो बोट गाडीसकट पलीकडे नेते, तिथून चेराईचा किनारा गाठता येतो. पोहायचं असेल तर तिथेच, फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावर दगड आहेत आणि पाणीही पोहण्याजोगं नाही. आणि संध्याकाळी कथकली. खेळाच्या तासभर आधी पोहोचा, रंगभूषा समोर बसून बघता येते. मुलगी चित्रं काढते म्हणता, तर तिला खेळापेक्षा तो तास आवडेल.

प्रतिसाद:

ताई, आमचं मूळ घराणं गोव्याचं, पण एक शाखा कित्येक पिढ्यांपासून कोचीत आहे, म्हणून जेवणाबद्दल आणि देवळांबद्दल लिहिते.

आईंचे हाल अजिबात होणार नाहीत. मट्टांचेरीत गुजराती आणि जैन कुटुंबं असल्यामुळे शाकाहारी जेवण, फरसाण, मिठाई सहज मिळते. कोकणी घरगुती खानावळीही विचारा. नेहमीच्या केरळी शाकाहारी हॉटेलांत केळीच्या पानावरचं जेवण दुपारी मिळतं, सांबार, अवियल, तोरन, पायसम. फक्त सगळं खोबरेल तेलात असतं. ती चव कुणाकुणाला पहिल्या दिवशी बाधते, तर सकाळी आप्पम किंवा पुट्टू-कडलापासून (तांदळाच्या पिठाचा वाफवलेला पुट्टू आणि हरभऱ्याची आमटी) सुरुवात करा. आणि कुठेही ऑर्डर देताना 'मासे नकोत' हेही वेगळं सांगा.

जैन मंदिरात दुपारी बाराच्या सुमारास कबुतरांना दाणे घालतात, त्या वेळी जा. उलट आपल्या हिंदू देवळांचं. केरळात ती दुपारी बंद होतात आणि थेट संध्याकाळी उघडतात, तेव्हा सकाळी लवकर किंवा दिवेलागणीला जायचं. बहुतेक ठिकाणी पुरुषांना शर्ट काढून, मुंडू (लुंगीसारखं नेसायचं केरळी धोतर) नेसून आत जावं लागतं. बाबांना आणि तुमच्या मिस्टरांना एकेक मुंडू तिथेच विकत घ्या, स्वस्त असतात. तिरुमल देवस्थानात आमचे लोक कोकणीत बोलतात. तुम्ही मराठीत हळू बोललात तरी बरंच कळेल आणि कुणीतरी आपणहून विचारेल, कुठून आलात. माणसांशी ओळख तिथेच होते.

धोबीखान्यातही जा. डचांच्या काळात लष्कराचे कपडे धुवायला तमिळ वण्णान लोकांना आणलं, त्यांचे वंशज अजून तेच काम करतात. तांदळाची खळ घालतात, वजनदार कोळशाची इस्त्री फिरवतात. तिथे मात्र फोटो काढण्याआधी विचारा. लोक कामात असतात, वाटेत उभं राहू नका.

धागाकर्ती:

मनापासून धन्यवाद! एवढं नेमकं कुठेच मिळालं नव्हतं.

तुमच्या माहितीवरून असं ठरवतेय. शनिवारी पोहोचायचं, संध्याकाळी फक्त किनाऱ्यावर फेरफटका आणि चिनी जाळी. रविवारी सकाळी प्रार्थना असणार म्हणून चर्चं नकोत, त्याऐवजी पहाटे तिरुमल देवस्थान, मग उघडताक्षणी सिनेगॉग आणि वाडा. सोमवारी सेंट फ्रान्सिस चर्च, सांताक्रूझ बॅसिलिका, दुपारी जैन मंदिर, संध्याकाळी कथकली. मंगळवारी मुलगी आणि नवरा चेराईला, आम्ही तिघं वॉटर मेट्रोने एर्नाकुलमला. बुधवार मोकळा ठेवतेय, जे आवडलं ते पुन्हा बघायला.

एक विचारायचं राहिलं. बाबांना कोचीतल्या एखाद्या ज्यू माणसाशी दोन शब्द बोलायला मिळावं असं फार वाटतं. रेवदंड्याच्या शेजाऱ्यांच्या आठवणी सांगायच्या आहेत त्यांना. हे शक्य आहे का, की विचारणंच बरं दिसणार नाही?

पहिला प्रतिसाद देणारा:

ताई, इस्रायल झाल्यावर बहुतेक कुटुंबं तिकडे गेली, आता शहरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. सिनेगॉगजवळच्या ज्यू टाऊनमधली जवळजवळ सगळी दुकानं आता इतरांची, बरीचशी काश्मिरींची आहेत. जे उरले त्यांच्या दारावर रोज पर्यटक टकटक करतात, त्यामुळे पत्ता शोधत घरी जाऊ नका, असं मी नक्की सांगेन.

त्यापेक्षा मंगळवारी एर्नाकुलमला जाताय तर तिथल्या बाजारातलं जुनं कडवुंभागम सिनेगॉग बघा. ते मलबारी ज्यूंचं, म्हणजे परदेशींच्या कितीतरी आधीपासून इथे असलेल्यांचं. दर्शनी भागात रोपांचं आणि शोभेच्या माशांचं दुकान आहे, काचेच्या टाक्यांमधून वाट काढत मागे प्रार्थनागृहात जायचं. दुकानात आधी विचारायचं, आत जाऊन बघू का. गर्दी नसेल आणि समोरच्याला वेळ असेल तर बाबांनी स्वतःच रेवदंड्याचं नाव काढावं. ते आठवणी सांगणार आहेत, म्हटल्यावर कुणाला राग येण्याचं कारण नाही. कुणी नाहीच भेटलं तर सिनेगॉगच्या देखरेखीचं काम करणाऱ्यांशी बोला, त्यांच्याकडे पुष्कळ माहिती असते.

चिनी जाळ्यांबद्दल एवढंच: शनिवारी संध्याकाळी तिथे खूप गर्दी असेल. मोकळ्या ठेवलेल्या बुधवारी सकाळी सहा-साडेसहाला पुन्हा जा आणि मुलीला वही घेऊन बसवा. भलामोठा लाकडी सांगाडा, एका बाजूला जाळं, दुसऱ्या बाजूला दोरांना टांगलेले मोठाले दगड. एक जण मुख्य ओंडक्यावरून चालत पुढे जातो आणि त्याच्या वजनाने जाळं पाण्यात उतरतं. मग चार-पाच जण मिळून दोर ओढतात, दगड एकेक करून खाली टेकतात. मासे मूठभरच निघतात हल्ली. तुम्हालाही ओढू देतील, पण त्याचे पैसे आधी ठरवून घ्या.

धागाकर्ती:

हे फार उपयोगी पडेल, बाबांना आत्ताच वाचून दाखवलं. बुधवारची सकाळ नक्की. आता फक्त तळमजल्याच्या खोल्यांचा शोध. पाच जणांना शेजारशेजारच्या दोन खोल्या, बाथरूममध्ये कमोड आणि धरायला दांडा, असा फोर्ट कोचीतला होमस्टे कुणी स्वतः राहून आलं असेल तर कृपया मला संदेश करा.