मदत हवी आहे: एकटीने उचलून नेता येईल अशी साऊंड सिस्टीम (गिटार आणि गाणं)

नमस्कार मंडळी,

मी गिटार वाजवत एकटीच गाते. कार्यक्रम छोटे असतात: कुणाच्या घरची मैफल, वाचनालयाचा हॉल, गच्चीवरचा वाढदिवस, कधी कॅफेचा कोपरा. समोर ३० ते ६० माणसं. सोबत साऊंडवाला नसतो आणि स्वतःची गाडीही नाही. पाठीवर गिटार, मग दोन हातांत मावेल तेवढंच सामान. जिना असला तरी सगळं एकाच खेपेत वर गेलं पाहिजे, कारण अर्धं सामान खाली रस्त्यावर ठेवून दुसरी खेप करता येत नाही.

आवाजाबद्दल अपेक्षा एवढीच, की शेवटच्या रांगेतल्या माणसाला गाण्यातला शब्द न् शब्द कळावा. छातीत धडधडणारा बेस नको, नाचाचा दणका नको. मी कवितांना चाली लावून गाते, त्यामुळे शब्द गेला की माझं गाणंच गेलं.

वजनाचा हिशोब आधी मांडते, कारण विचारलं की सगळे फक्त स्पीकरचं वजन सांगतात. मऊ बॅगेसकट गिटार ३ किलो धरली. माईकचा स्टँड गोल, जड बुडाचा घेतला तर तोच फार भरतो. तीन पायांचा, घडीचा घेतला तर २ किलोच्या आसपास. स्पीकरचा स्टँड अ‍ॅल्युमिनियमचा असला तरी ३ किलो. केबल, एक्स्टेंशन बोर्ड, माईक, जास्तीच्या तारा, चिकटपट्टी मिळून दीड किलो सहज. म्हणजे स्पीकर हातात घेण्याआधीच साडेनऊ किलो झाले! एकूण १७ किलोच्या वर मला जायचं नाही. स्पीकरला उरतात साडेसात.

वाचून आणि इकडेतिकडे ऐकून तीन पर्याय दिसतात. एक म्हणजे बॅटरीवर चालणारा, आतच छोटा मिक्सर (माईक आणि गिटारचे आवाज एकत्र करणारा भाग) असलेला स्पीकर. बोस एस१ प्रो साधारण ७ किलोचा, जेबीएल इऑन वन कॉम्पॅक्ट साधारण ८ किलोचा. दोन्हींत माईक आणि गिटार थेट लावता येतात आणि दोन्ही स्टँडवर चढतात. दुसरा पर्याय अ‍ॅकूस्टिक गिटारच्या अ‍ॅम्पचा. म्हणजे गिटारसाठीच बनवलेली स्पीकरची पेटी. फिशमन लाऊडबॉक्स मिनी ६० वॅटचा, वजन १० किलोच्या जरा आत; गिटार त्यातून फार गोड वाजते. रोलंड एसी-३३ तर ५ किलोच्या आतबाहेरचा, ३० वॅटचा, ८ पेन्सिल सेलवरही चालतो. पण असा अ‍ॅम्प जमिनीवर ठेवला की आवाज पहिल्या रांगेतच अडतो आणि मागे शब्द पुसट होतात, ही माझी धास्ती.

तिसरा कॉलम स्पीकर, म्हणजे छोट्या स्पीकरांचा उभा खांब. बोसने २००३ मध्ये एल१ आणला तेव्हापासून एकटे गाणारे हा प्रकार आवडीने वापरतात. आवाज आडवा छान पसरतो, वर छताकडे फारसा वाया जात नाही, आणि माझ्या कानाला तरी तो सगळ्यांत नैसर्गिक वाटतो. पण खालचा सबवूफर (बेसचा स्पीकर) धरून बहुतेक संच १० किलोच्या पुढे जातात. म्हणून हा पर्याय मी जवळजवळ सोडला आहे. कुणी मन वळवू शकलं तर आनंदच आहे.

वॅटचे आकडे बघून मी ठरवणार नाही. वॅट दुप्पट केले तर आवाज ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. त्यापेक्षा १ मीटरवर जास्तीत जास्त किती डेसिबल मिळतात तो आकडा कामाचा. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात. म्हणजे १ मीटरवर १०३ देणारा स्पीकर ८ मीटरवर ८५ च्या आसपास पोचतो. शांत बसलेल्या ६० माणसांना हे पुरेसं वाटतं. गच्चीवर वारा आणि गप्पा दोन्ही असतात, तिथे पुरेल का?

तर जे असे कार्यक्रम खरोखर करतात त्यांनी सांगा: एवढ्या वजनात एकच स्पीकर स्टँडवर लावून गाणं आणि गिटार दोन्ही स्वच्छ ऐकू येतात का? स्वतःला ऐकण्यासाठी वेगळा मॉनिटर टाळता येतो का? आणि स्पीकर नेमका ठेवायचा कुठे? मागे ठेवला की माईक शिट्टी मारतो, पुढे ठेवला की मला माझंच ऐकू येत नाही.

प्रतिसाद

तुमचा हिशोब पटला. पहिलाच पर्याय घ्या. मी असे कार्यक्रम बरीच वर्षं करतोय, आणि ६० माणसांना स्टँडवरचा ७ किलोचा स्पीकर शब्दांसाठी पुरतो. स्टँडचं वजन वाचवायच्या मोहात मात्र पडू नका. स्पीकरचं तोंड बसलेल्या लोकांच्या डोक्यांच्या जरा वर असलं पाहिजे. ‘स’, ‘त’, ‘च’ यांसारखी व्यंजनं वरच्या फ्रिक्वेन्सीत असतात आणि समोर बसलेली माणसंच ती शोषून घेतात. मागे शब्द पुसट होतात ते बहुतेक वेळा यामुळे, ताकद कमी पडल्यामुळे नाही.

जागेचं म्हणाल, तर बहुतेक साधे माईक कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारे असतात. ते बरोबर मागच्या बाजूने सर्वांत कमी ऐकतात, बाजूने सुमारे ६ डेसिबल कमी. तुम्ही श्रोत्यांकडे तोंड करून उभ्या, माईकचं तोंड तुमच्याकडे. म्हणजे तुमच्या पाठीमागचा स्पीकर थेट माईकच्या तोंडात बोलतो. तो तुमच्या एका हाताला, दीडदोन मीटर बाजूला आणि माईकच्या रेषेत किंवा पाऊलभर पुढे ठेवा, किंचित आतल्या बाजूला वळवून. तेवढ्यावर स्वतःचा आवाज बऱ्यापैकी कानावर येतो, आणि गिटार तर हातातच वाजत असते. सुपरकार्डिऑइड (आणखी अरुंद कोनात ऐकणारा) माईक बाजूने जवळजवळ ९ डेसिबल कमी ऐकतो, त्यामुळे अशा मांडणीत तो जास्त सोयीचा.

आणि माईकच्या जवळ गा! ओठ ५ सेंटिमीटरवरून १० वर गेले की ६ डेसिबल गेले. ते भरून काढायला वॉल्यूम वाढवला की शिट्टी आलीच. जवळून गाताना आवाज खालच्या पट्टीत जाड होतो, तेव्हा बेस थोडा उतरवा, लो-कट (खालचे सूर कापणारं बटण) असेल तर लावा. शब्द लगेच उघडे होतात.

प्रतिसाद

ताई, तुमच्या गिटारमध्ये पिकअप (तारांची कंपनं विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) कुठला आहे ते लिहिलं नाहीत. ब्रिजखालचा पिएझो (तारा टेकतात तिथली कंपनं पकडणारी पट्टी) असेल आणि गिटारमध्ये बॅटरीवाला प्रीअँप (सिग्नल आधी सावरणारं सर्किट) नसेल, तर त्याला १ मेगाओहम किंवा जास्त इंपिडन्सचं (विजेला होणाऱ्या अडथळ्याचं) इनपुट लागतं. मिक्सरच्या साध्या लाईन इनपुटला लावलात तर आवाज पत्र्यासारखा, कोरडा येतो आणि लोक उगाच स्पीकरला दोष देतात. स्पीकरवर गिटारसाठी वेगळं इनपुट किंवा ‘हाय-झी’ (जास्त इंपिडन्स) असं बटण आहे का, एवढं आधी बघा. नसेल तर छोटा प्रीअँप किंवा अ‍ॅक्टिव्ह डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी), साधारण पाव ते अर्धा किलो. तो तुमच्या हिशोबात धरा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. पिकअप ब्रिजखालचा पिएझोच आहे, ९ व्होल्टच्या बॅटरीवरचा प्रीअँप गिटारमध्येच आहे. म्हणजे ती काळजी मिटली. स्पीकर पुढे-बाजूला घेण्याचं माझ्या डोक्यात आलंच नसतं. आजच घरी मांडून बघते.

आता एकच अडचण. आवाज जरा वाढवला की गिटारच घुमायला लागते, विशेषतः खालच्या तारांवर, आणि त्या घुमण्याखाली माझे शब्द बुडतात. बेस उतरवला तर गिटार पोकळ वाटते. यावर काही हलका उपाय?

प्रतिसाद

गिटारच्या पोटातली हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास स्वतःच घुमते, वरची फळी त्याच्या वर. स्पीकरचा आवाज परत पोटात शिरला की तोच सूर वाढत जातो. साऊंडहोलला (पोटावरच्या गोल भोकाला) रबरी झाकण लावा. वजन काही ग्रॅम, आणि फरक मोठा. प्रीअँपवर फेजचं (ध्वनीची लाट उलटी करणारं) बटण असेल तर उलटसुलट करून बघा, कुठल्या तरी एका स्थितीत घुमणं कमी होतं. तरीही राहिलं तर सगळा बेस उतरवू नका. नॉच असेल तर त्याने फक्त तो एक सूर कापा, गिटार भरलेलीच राहते.

बॅटरीचंही बघून ठेवा. जाहिरातीतले तास मध्यम वॉल्यूमचे असतात, गच्चीवर मोठ्याने वाजवलं की त्यात बरीच घट धरा. बॅटरी बदलता येण्यासारखी असेल तर उत्तम. कधी विमानाने जायचं झालं तर १०० वॅट-अवरपर्यंतची लिथियम बॅटरी सहसा चालते, त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते, आणि सुटी बॅटरी केबिनच्या सामानातच न्यावी लागते.

घेण्याआधी तुमची गिटार आणि तुमचा माईक घेऊन जा, स्पीकर स्टँडवर चढवायला सांगा, आणि कुणाला तरी ८-१० मीटर लांब उभं करून नवी, त्यांनी न ऐकलेली कविता गा. त्यांना ओळी लिहून घ्यायला सांगा.