मुलांचं लहान झालेलं सामान : घरातून निघालं ते सगळंच द्यायचं का?

जुळे सोलापूरची आई
दिवाळीची आवराआवर सुरू आहे. माळ्यावरून लेकीचे आखूड झालेले फ्रॉक, बूट, दप्तरं, वॉकर, खेळणी असं बरंच निघालंय. सासूबाई म्हणतात, बोहारणीला घाल, एखादं पातेलं येईल. मला ते ऊसतोड टोळ्यांमधल्या मुलांना द्यायचंय. पण जे सख्ख्या भाचीला देताना संकोच वाटेल, ते परक्याच्या लेकरालाही देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. चेन गेलेलं दप्तर आणि फाटका शर्ट घंटागाडीतच जावा.

अशोक चौक
अजिबात पटलं नाही. आमची आई विड्या वळायची, वडील मागावर. कुणी बटणं तुटलेला शर्ट दिला तर आई रात्री बटणं लावायची आणि सकाळी तोच घालून मी शाळेत. तुमच्या घंटागाडीत तो गेला असता तर? अगदीच विरलेलं सुती कापड वाकळेत जातं. काय उपयोगाचं ते घेणाऱ्या बाईला ठरवू द्या ना.

साखरशाळेतली ताई
दादा, ठरवायला वेळ कुणाला असतो? ती बाई पहाटे अंधारात फडावर जाते. पोती आमच्या साखरशाळेत, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या शाळेत, येतात आणि शाळा सुटल्यावर आम्हीच निवडत बसतो. एका पायाचा बूट, जरीचा टोचणारा घागरा, वरच्या वर्गाच्या सोडवून झालेल्या वह्या. कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहणाऱ्या पोराला थंडीत स्वेटर, कानटोपी, फुल पँट लागते. बूट तर हवेतच, तोडलेल्या उसाची बुडखं पायात घुसतात. जोडीच्या नाड्या एकमेकींना बांधा, कपड्यांवर वयाची चिठ्ठी लावा, एवढ्यानं आमचं निम्मं काम वाचतं. आणि द्यायचं तर आत्ताच द्या. दिवाळीनंतर टोळ्या येतात, हंगाम संपला की परत जातात. मार्चमध्ये आलेलं पोतं ट्रॉलीत कुठं कोंबायचं?

बालरुग्ण विभागातली परिचारिका
कपड्यांचं अशोक चौक म्हणतात ते मान्य. खेळण्यांचं नाही. बटणासारखा चपटा सेल मुलानं गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून भाजायला लागतं. झाकणाचा स्क्रू गेलेलं सेलचं खेळणं कुणालाच देऊ नका. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालंय, त्याआधीच्या रंग उडालेल्या खेळण्यांची खात्री कोण देणार? वॉकर तर मोडूनच टाका. मूल त्यातून क्षणात चुलीपाशी पोचतं, आणि कोपीत चूल हाताच्या अंतरावर असते.

होटगी रोड
लेकीला विचारलंत का? माझ्या भाच्याची सायकल तो शाळेत असताना देऊन टाकली. पोरगं दोन दिवस जेवलं नाही. त्याच्या हातानं दिली असती तर त्यानंच पुसून दिली असती.

अशोक चौक
वॉकर, सेलची खेळणी सोडली. कपड्यांवर मी ठाम. ताई, निवडायला माणूस कमी पडत असेल तर रविवारी मी येतो. सुईदोरा, बटणं घेऊन येतो. पण तुमच्याकडे पोचायच्या आधीच फेकू नका म्हणावं लोकांना.

जुळे सोलापूरची आई
ठीक, शिवून चालण्याजोग्या कपड्यांचं गाठोडं वेगळं बांधते. चिंध्या मात्र अजूनही पाठवणार नाही. ताई, पाच वर्षांच्या मुलीचे बूट आत्ता हवेत का, की आधी स्वेटर धुऊन देऊ?

साखरशाळेतली ताई
दोन्ही. बूट आधी.